होस्टिंग कुठलं घेऊ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोटे दुकानदार, शाळा, होमस्टेवाले, दिवाळी अंक काढणारे अशा गिऱ्हाइकांच्या साइट बनवणं आणि सांभाळणं हा माझा धंदा. फोनवर जे प्रश्न येतात तेच इथे ठेवलेत, जमेल तितके त्याच शब्दांत. किमती ठोकळ आहेत, घेण्याआधी त्या दिवशीचा भाव बघा.

डोमेन आणि होस्टिंग एकच ना? दोनदा पैसे कशाला?

एकच नाही. होस्टिंग म्हणजे साइटच्या फायली ठेवायची जागा, आपला गाळा, आणि डोमेन म्हणजे साइटचं नाव, गाळ्यावरची पाटी. गाळा भाड्याचा असतो. मालकाशी पटलं नाही तर सामान उचलून दुसरीकडे जायचं. पाटी मात्र तीच राहते आणि लोक तिच्यावरूनच तुम्हाला शोधतात. पाटीसुद्धा कायमची विकत मिळत नाही, घरपट्टीसारखी दरवर्षी फी भरावी लागते. हवं तर दहा वर्षांपर्यंतची एकदम भरता येते. डॉट इन नावांचा कारभार निक्सी ही आपल्याकडची संस्था बघते, तुम्ही नाव घेता ते तिच्या मान्यताप्राप्त विक्रेत्याकडून. डॉट इनला वर्षाला साधारण सहाशे ते हजार रुपये पडतात, डॉट कॉमला हजार ते दीड हजार.

दोन्ही एकाच कंपनीकडून घ्यायला हरकत नाही. मी मात्र मुद्दाम वेगळी ठेवतो. गाळेवाल्याशी भांडण झालं तर पाटी त्याच्या ताब्यात नको.

आमचा वेबसाइटवाला सगळं बघतो. आम्हाला यात पडायची काय गरज?

या सगळ्यातला महत्त्वाचा प्रश्न हाच, कंपनी कुठली हा नव्हे.

कोकणातल्या एका लॉजमालकांचा फोन आला. साइट उघडत नव्हती. नऊ वर्षं तेच नाव व्हिजिटिंग कार्डांवर, रिक्षांच्या मागे, हायवेवरच्या बोर्डावर रंगवलेलं. डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघितलं, तर साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या. मुलगा तोवर परदेशी गेलेला, जुना नंबर बंद. मुदत संपल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर जाऊन पडत होत्या. मुलाचा हेतू वाईट नव्हता. त्या वेळी लवकर काम व्हावं म्हणून त्याने आपलाच ई-मेल टाकला, एवढंच. त्याला शोधून काढेपर्यंत नाव दुसऱ्या कुणी घेतलं होतं. बोर्ड पुन्हा रंगवावे लागले.

तेव्हा आजच तीन गोष्टी बघा. नोंदणीदार म्हणून कुणाचं नाव आहे? खात्याचा लॉगिन कुणाच्या ई-मेलवर आहे? पासवर्ड तुमच्याकडे आहे का? सातबाऱ्यावर आपलं नाव आहे की नाही हे आपण जसं तलाठ्याकडे जाऊन बघतो, तसंच हे. काम कुणालाही करू दे, नाव मालकाचंच हवं.

आणि एक बारीक गोष्ट. डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ई-मेल देऊ नका. मुदत संपली की तो ई-मेलही बंद पडतो, म्हणजे ज्या पत्त्यावर धोक्याची घंटा वाजायची तोच पत्ता गायब. साधा जीमेल द्या, पण एका माणसाचा नको. संस्थेसाठी वेगळं खातं काढा आणि पासवर्ड अध्यक्ष व चिटणीस दोघांकडे ठेवा.

मुदत संपून गेली तर नाव लगेच जातं का?

सहसा नाही. बहुतेक नावांना काही दिवसांची सवलत मिळते, तेवढ्यात नेहमीच्या दरात भरता येतं. त्यानंतर साधारण महिनाभराचा सोडवणुकीचा काळ येतो. त्यात नाव परत मिळतं, पण दंड काही हजारांत जातो. तोही काळ गेला की नाव बाजारात. चांगली नावं उचलायला लोक टपूनच असतात.

फुकटात भागेल का?

पुष्कळांचं भागतं, आणि हे सांगणारे माझ्या धंद्यात कमी.

लेख, कविता, प्रवासवर्णन लिहायचं असेल तर ब्लॉगर अजून चालू आहे. गूगलने ते २००३ मध्ये घेतलं, तेव्हापासून फुकट आहे. स्वतःचं डोमेनही जोडता येतं, त्याला वेगळे पैसे नाहीत. म्हणजे वर्षाचा खर्च फक्त पाटीचा. सजावट जुनाट वाटते, पण आजोबांच्या आठवणी वाचायला येणारा सजावट बघायला येत नाही.

चार-पाच पानांची स्थिर साइट असेल, म्हणजे पत्ता, फोटो, दर आणि संपर्क एवढंच, तर गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर ती फुकट राहते आणि भल्याभल्या सशुल्क होस्टिंगपेक्षा वेगात उघडते. गिटहबवर साइटचा आकार एक जीबीच्या आत ठेवावा लागतो आणि ऑनलाइन दुकान चालवायला त्यांची परवानगी नाही. अडचण एकच. मजकूर बदलायला थोडा तांत्रिक हात असलेलं माणूस लागतं. घरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला असलेली भाची असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर पैसे देऊन वर्डप्रेसचं होस्टिंग घ्या. वर्डप्रेस म्हणजे मजकूर स्वतःला बदलता येतो असं साइटचं सॉफ्टवेअर.

शेअर्ड होस्टिंग म्हणजे नेमकं काय?

चाळ. एका मोठ्या सर्व्हरवर, म्हणजे साइट ठेवायच्या कायम चालू कॉम्प्युटरवर, शेकडो बिऱ्हाडं, नळ सामायिक. शेजारच्या खोलीत बारसं निघालं की तुमच्या नळाचं पाणी मंदावतं. भाडं कमी असण्याचं कारण तेच.

चाळीत आयुष्यं सुखाने गेलीत, तशी शेअर्डवर साइटही चालतात. डॉक्टरांचा दवाखाना, क्लास, होमस्टे, देवस्थानाची माहिती, गणेश मंडळ, वकिलांची ओळखपत्रवजा साइट, यांना शेअर्ड पुरून उरतं. दिवसाला पाचशे माणसं आली तरी नीट बनवलेली साइट कुरकुरत नाही. कुरकुर होते ती बहुधा वर्डप्रेसवर चाळीस प्लगिन, म्हणजे जोड-सुविधा, चढवल्यामुळे, आणि दोष होस्टिंगला दिला जातो.

जाहिरातीत ९९ रुपये महिना लिहिलंय. खरं असतं?

खरं असतं, पण पूर्ण नसतं. एक गिऱ्हाईक असाच स्क्रीनशॉट घेऊन आलं होतं. आम्ही कागदावर मांडलं.

९९ रुपये हा दर एकदम ४८ महिन्यांचे पैसे भरले तरच. म्हणजे ४,७५२ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हाती बिल येतं ५,६०७ रुपयांचं. चार वर्षांसाठी हे वाईट नाही. पण खाली बारीक अक्षरात होतं की पुढचा दर महिना ३९९. वर्षाचे झाले ४,७८८, जीएसटी धरून ५,६५०. चार वर्षांना जेवढे दिले, तेवढे पुढे दर वर्षाला.

यात फसवणूक नाही, धंद्याची रीतच ती आहे. पहिल्या दराने गिऱ्हाईक आत आणायचं आणि हलवण्याच्या कंटाळ्यावर पुढे कमवायचं. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना पहिला दर झाका आणि रिन्यूअलचा दर बघा. पैसे भरायच्या पानावर आपोआप टिक झालेल्या गोष्टीही बघा. साइट सुरक्षा, गूगलमध्ये वर आणण्याची सेवा, प्रीमियम बॅकअप असलं काहीबाही असतं. बहुतेक टिका काढून टाकल्या तरी काही बिघडत नाही.

तुमचा जीएसटी क्रमांक असेल तर बिलावर तो घालायला विसरू नका. नंतर बदलून मागताना नाकी नऊ येतात.

अनलिमिटेड म्हणजे खरंच अमर्याद का?

थाळीसारखं अमर्याद. चपात्या हव्या तितक्या, पण डबा भरून न्यायचा नाही. जागा अमर्याद म्हणतात आणि आत फायलींच्या संख्येवर मर्यादा घालतात, तिला आयनोड म्हणतात. दोन-तीन लाख फायली झाल्या की गाडी अडते. प्रोसेसर आणि मेमरीची मर्यादाही वेगळी असते. विक्रेत्याला या तीनच गोष्टी विचारा, जीबी विचारू नका.

जीबीची काळजी मराठी मजकुरासाठी तर नकोच. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-एट पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, ‘मराठी’ हा शब्द काना-वेलांटी धरून पंधरा बाइटांचा. या हिशोबाने लाखभर शब्दांची कादंबरी दोन एमबीत बसते. मोबाइलवर काढलेला तुमच्या अंगणाचा एक फोटो त्याच्या दुप्पट जागा खातो. फोटो चढवण्याआधी लहान करा आणि व्हिडिओ यूट्यूबवर ठेवून साइटवर फक्त जोडा. निम्म्या लोकांना मग मोठा प्लॅन लागतच नाही.

सर्व्हर भारतातच हवा का?

वाचक इथले असतील तर हो, शक्यतो मुंबईतला. पुण्याहून मुंबईच्या सर्व्हरला निरोप जाऊन यायला काही मिलिसेकंद लागतात, अमेरिकेला जाऊन यायला दोनशेच्या वर. एक पान उघडताना असे अनेक हेलपाटे होतात, म्हणून फरक डोळ्यांना दिसतो.

पूर्वी ही सोय महाग होती. आता ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटर्सची रांग लागली आहे. अ‍ॅमेझॉनने मुंबईत २०१६ मध्ये सर्व्हर आणले, गूगलने २०१७ मध्ये, मायक्रोसॉफ्ट तर २०१५ पासूनच पुण्यात आहे. नाशिकमध्येही होस्टिंगच्या कंपन्या उभ्या राहिल्यात. कंपनी भारतीय आहे म्हणून सर्व्हर भारतात असेलच असं मात्र धरू नका. खरेदी करताना जागा निवडायचा पर्याय येतो, तिथे मुंबई निवडा. पुढे बदलणं कटकटीचं असतं.

न्यू जर्सी आणि लंडनचे वाचक जास्त असलेले दिवाळी अंकवाले विचारतात, आम्ही काय करायचं? मुंबईतच ठेवा आणि पुढे सीडीएन लावा. फोटो, फॉन्ट अशा जड वस्तूंची प्रत ते जगभरच्या आपल्या सर्व्हरांवर ठेवतं. क्लाउडफ्लेअरचा मोफत प्लॅन एवढ्यासाठी पुरतो.

आमचा हापूसचा धंदा आहे. दहा महिने कुणी फिरकत नाही, एप्रिलमध्ये साइट बसते. काय करू?

दहावीच्या निकालाच्या दिवशी साइटचं जे होतं तेच लहान प्रमाणात तुमचं होतं. वर्षभराची सरासरी बघून घेतलेला प्लॅन त्या सहा आठवड्यांत कामाचा नसतो.

आधी समजून घ्या की बसतं काय. माहितीची पानं कॅशमधून जातात, म्हणजे एकदा रांधून ठेवलेलं ताट सगळ्यांना वाढल्यासारखं. दुकानाची टोपली आणि पैसे भरायचं पान तसं वाढता येत नाही, कारण प्रत्येकाचं ताट वेगळं. पन्नास जण एकदम ऑर्डर द्यायला लागले की पन्नास ताटं ताजी रांधावी लागतात आणि शेअर्डची चूल तिथे विझते.

मार्ग दोन. क्लाउड सर्व्हर घ्या, जिथे एप्रिल-मेमध्ये मेमरी वाढवता येते आणि जूनमध्ये कमी करता येते. मात्र घेतानाच विचारा, खाली उतरता येतं का? काही ठिकाणी डिस्क एकदा वाढवली की कमी करता येत नाही, फक्त मेमरी-प्रोसेसर कमी होतात. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. साइट फुकटची स्थिर ठेवा, पेटीचा दर आणि पाठवणीच्या तारखा तिच्यावर लिहा, ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर आणि पैसे यूपीआयवर घ्या. हंगामाला दोन-तीनशे पेट्यांपर्यंत हे आरामात निभावतं. हजारावर गेलात की खरं दुकान लागेल, आणि तोवर खर्च परवडेलही.

व्हीपीएस घेऊ का? भाचा म्हणतो तेच घ्या.

भाचा पुढची पाच वर्षं फोन उचलणार असेल तर घ्या.

व्हीपीएस म्हणजे चाळीतून फ्लॅटमध्ये जाणं. नळ स्वतंत्र, शेजाऱ्याचा त्रास नाही. परदेशी कंपन्यांचे छोटे सर्व्हर महिना चार-सहा डॉलरपासून मिळतात, डिजिटलओशनचा बेंगळुरूत, लिनोडचा मुंबईत. पण फ्लॅट रिकामा मिळतो. कुलूप तुम्ही लावायचं, गळती तुम्ही काढायची. सर्व्हर चालू केला की तासाभरात जगभरचे रोबो दार ठोकायला लागतात, एकदा त्याची नोंदवही उघडून बघा. अपडेट न केलेला व्हीपीएस हा चांगल्या शेअर्डपेक्षा धोकादायक.

मधला पर्याय मॅनेज्ड होस्टिंगचा. फ्लॅट तुमचा, वॉचमन-प्लंबर सोसायटीचा. महिना हजार-दोन हजार धरा. साइट बंद पडली तर दिवसाला त्याहून जास्त नुकसान होणार असेल तर हे पैसे डोळे मिटून द्या.

होस्टिंगबरोबर ई-मेल फुकट मिळतो, तो वापरू ना?

नको. इथेही चाळच आड येते. शेजारच्या बिऱ्हाडाने स्पॅम पाठवलं की सगळ्या चाळीचा पत्ता बदनाम होतो आणि तुमचं कोटेशन समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं. तुम्हाला कळतही नाही. तुम्ही म्हणता, पार्टी उत्तर देत नाही.

ई-मेल वेगळ्या ठिकाणी घ्या. चार-पाच खाती असतील तर झोहोची पाच जणांपर्यंतची मोफत योजना बघा. मोठ्या कार्यालयाला गूगल किंवा मायक्रोसॉफ्टचे माणशी पैसे भरावे लागतील. कुठेही घेतलंत तरी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नाव कुठे वळवायचं ते सांगणाऱ्या नोंदवहीत, घालून घ्या. हे पत्र खरंच आमच्याकडून आलंय, असं समोरच्याला सांगणारे ते शिक्के आहेत. २०२४ पासून घाऊक मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने ते सक्तीचेच केलेत.

मराठी साइटला काही वेगळं लागतं का?

होस्टिंग वेगळं लागत नाही, पण हलवताना मराठी आधी मरते. डेटाबेसची, म्हणजे मजकूर साठवलेल्या कोठाराची, अक्षरपद्धत यूटीएफएट-एमबीफोर (utf8mb4) आहे ना, एवढं विचारा. जुन्या साइटचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर चुकीच्या पद्धतीने चढवला की मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. वर मात्रा दिलेले इंग्रजी ए आणि भलतीसलती चिन्हं दिसली तर घाबरू नका, मजकूर बहुधा परत मिळतो. नुसती प्रश्नचिन्हं साठवली गेली असतील तर मजकूर गेला, मूळ प्रत शोधा.

जुने अंक श्रीलिपी या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टपद्धतीत टाइप केलेले असतील तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या आणि मग बारकाईने मुद्रितशोधन करा. जोडाक्षरं आणि रफार हमखास दगा देतात.

देवनागरीतलं डॉट भारत नाव २०१४ पासून मिळतं, मराठी-कोकणीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी. दिसायला फार छान. पण काही अर्ज आणि ई-मेल सेवा ते अजून स्वीकारत नाहीत आणि पत्ता कॉपी केला की कधीकधी त्याचं रोमन अक्षरांतलं अगम्य रूप चिकटतं. हौस म्हणून घ्या, डॉट इनकडे वळवून ठेवा.

कुलूपाच्या चिन्हाचे, म्हणजे एसएसएलचे, वेगळे पैसे मागतायत.

देऊ नका. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट असतं आणि आपोआप नवं होत राहतं. ते न देणारी कंपनीच नको.

होस्टिंगवाले बॅकअप घेतात. मग आम्ही कशाला?

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली. लाखो साइट बंद पडल्या आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांतल्या काहींचं सगळंच गेलं.

त्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. माझ्या एका गिऱ्हाइकाचा बॅकअप दुकानातल्या कॉम्प्युटरवर होता, टेबलाखाली. ती पेटी मी नंतर उघडली, आत बोटभर गाळ. साइट मुंबईच्या सर्व्हरवर शाबूत होती म्हणून निभावलं.

तेव्हा एक प्रत होस्टिंगवाल्याकडे, एक गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी आपोआप जाणारी आणि तीन महिन्यांतून एकदा पेनड्राइव्हवर घरी. आणि वर्षातून एकदा ती प्रत दुसरीकडे चढवून बघा. न उघडणाऱ्या बॅकअपच्या फायली मी पुष्कळ पाहिल्यात.

शाळा, कॉलेज, बँक यांना वेगळे नियम आहेत का?

नावाच्या बाबतीत आहेत. डॉट एसी डॉट इन शैक्षणिक संस्थांनाच मिळतं, अर्नेट इंडियाकडून, कागदपत्रं देऊन. बँकांना रिझर्व्ह बँकेने डॉट बँक डॉट इन सक्तीचं केलं, मुदत होती ३१ ऑक्टोबर २०२५. यात नागरी सहकारी बँकाही आल्या. पतसंस्था बँक नसल्यामुळे त्यांना ते नाव मिळत नाही. बँकेची साइट मात्र शेअर्डवर टाकायचा विचारही करू नका.

परदेशी कंपनीचं घेतलं तर पैसे कसे भरायचे?

कार्डाने, आणि डोळ्यांत तेल घालून. डॉलरच्या दरावर बँक आपला अधिभार लावते, साधारण तीन-साडेतीन टक्के, वर कर. खरी अडचण पुढे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२१ पासून रीतसर ई-मँडेट, म्हणजे आगाऊ परवानगी, नोंदवल्याशिवाय कार्डातून आपोआप पैसे कापले जात नाहीत. परदेशी कंपनी कापायला जाते, बँक नाकारते, सूचनेचा मेल तुमच्या प्रमोशन्सच्या कप्प्यात जातो आणि आठवड्याने सर्व्हर बंद. आगाऊ रक्कम जमा ठेवायची सोय असेल तर वर्षाची भरून मोकळे व्हा.

सपोर्ट चांगला आहे हे आधी कसं कळणार?

विकत घेण्याआधी रविवारी रात्री दहाला चॅट उघडा आणि एक नेमका प्रश्न विचारा: ‘माझ्या प्लॅनमध्ये पीएचपीचं मेमरी लिमिट किती?’ आकडा आला तर माणूस आहे. प्लॅनची लिंक आली तर पुढचं चित्र दिसलंच.

९९.९ टक्के अपटाइमच्या हमीवर भुलू नका. तिचा अर्थ वर्षाला पावणेनऊ तास बंद राहिली तरी करार पाळला. भरपाई मिळते ती त्या काळाच्या भाड्याइतकी, म्हणजे चहाचे पैसे.

कंटाळलो, होस्टिंग बदलायचंय. साइट किती वेळ बंद राहील?

नीट केलं तर अजिबात नाही. जुनं भाडं संपायच्या महिनाभर आधी सुरुवात करा. दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा तो काळ, पाच मिनिटांवर आणा. नव्या जागी साइटची पूर्ण प्रत चढवा, खासगी पत्त्यावर उघडून बघा, मराठी मजकूर आणि संपर्काचा फॉर्म तपासा. मग डोमेन तिकडे वळवा. ई-मेल जुन्याच जागी असेल तर एमएक्सच्या, म्हणजे मेल कुठे जायचे ते सांगणाऱ्या, नोंदींना हात लावू नका. नेमसर्व्हर, म्हणजे ही सगळी नोंदवही ठेवणारा सर्व्हरच, सरसकट बदलून टाकल्यामुळे अख्ख्या ऑफिसचे मेल दोन दिवस हवेत गेलेले मी पाहिलेत.

डोमेनही हलवायचं असेल तर ते वेगळं काम, वेगळ्या आठवड्यात करा. लॉक काढायचं, ऑथ कोड, म्हणजे नाव हलवायचा पासवर्ड, घ्यायचा. डॉट कॉमसारखं नाव नवीन घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं असेल तर साठ दिवस थांबावं लागतं. जुनं होस्टिंग पंधरा दिवस तरी चालू ठेवा आणि बंद करण्याआधी त्यातली शेवटची प्रत उतरवून घ्या.

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र मला यासाठी फोन करू नका. तेव्हा मी कुणाचीच साइट हलवत नाही.